जतन करून ठेवलेले लेख इतरांना देता येतात का? 'साभार' लिहिले की पुरते का?

डिचोलीचा वाचक:

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. गेली बारा-तेरा वर्षे गोव्यातील लोककलांविषयी इंटरनेटवर जे जे वाचनात आले, ते ते मी संगणकात उतरवून ठेवत आलो. सत्तरी तालुक्यातील रणमाले, झर्मे गावचा चोरोत्सव, आमच्याकडची घोडेमोडणी, पौषातील बायकांचे नाच-गाणे म्हणजे धालो, गावडे समाजाचा जागर या विषयांवर वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर आलेले लेख, हौशी अभ्यासकांची ब्लॉगवरील टिपणे, छायाचित्रे आणि यूट्यूबवरून उतरवलेल्या थोड्या चित्रफिती असा हा संग्रह आहे. त्यांतील काही ब्लॉग आता बंद पडले आहेत, त्यामुळे त्या मजकुराची प्रत बहुधा माझ्याकडेच उरली असावी. प्रत्येक पानाचा पत्ता आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय मला उशिरा लागली, याचे आता वाईट वाटते.

गावच्या वाचनालयातील तरुण मंडळींना हा संग्रह हवा आहे. सगळे गूगल ड्राइव्हवर चढवून त्याचा दुवा वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर द्यावा आणि पुढे वाचनालयाचे संकेतस्थळ झाले की तेथेही ठेवावे, असा त्यांचा बेत आहे. गटात अडीचशेच्या आसपास माणसे आहेत. 'सर, हे सगळे नेटवर फुकटच होते, खाली साभार लिहू, आपण कोठे पैसे घेणार आहोत', असे ते म्हणतात. मला मात्र हे इतके सरळ वाटत नाही. मी स्वतःसाठी उतरवून ठेवले, त्यातच काही चूक झाली आहे का? ते इतरांना देणे ही वेगळी गोष्ट ठरते का? आणि ज्या ब्लॉगचा कर्ताच सापडत नाही, त्याचे काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकील, म्हापसा:

सर, आपल्याला जी शंका आली ती योग्यच आहे. जतन करणे आणि वाटणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या कृती आहेत आणि आपल्या तरुण मंडळींची गल्लत तेथेच होते आहे.

प्रथम जतन करण्याविषयी. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा असून त्याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही, याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत अगदी आरंभीच, खासगी वा वैयक्तिक वापरासाठी, ज्यात संशोधनही येते, एखाद्या कृतीचा रास्त उपयोग करण्यास मुभा दिली आहे. अशा हेतूसाठी ती कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवली तरी हक्कभंग होत नाही, असे स्पष्टीकरणही तेथेच जोडलेले आहे. त्यामुळे सर्वांना खुले असलेले लेख आपण अभ्यासासाठी स्वतःच्या संगणकात उतरवून ठेवले, याची चिंता करू नये. पैसे भरणाऱ्या वाचकांसाठी कुलूपबंद ठेवलेला मजकूर ते कुलूप तोडून मिळवला असेल, तर मात्र २०१२ साली घातलेले कलम ६५अ आडवे येते. यूट्यूबच्या चित्रफितींचा प्रश्नही थोडा वेगळा आहे, कारण त्यांनी दिलेल्या सोयीखेरीज अन्य मार्गाने चित्रफिती उतरवण्यास त्यांच्या वापराच्या अटींतच मनाई आहे.

आता वाटण्याविषयी. कृतीच्या प्रती काढणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे हे दोन्ही अधिकार कलम १४ने हक्कधारकाकडे ठेवले आहेत. 'लोकांपर्यंत पोहोचवणे' याची कायद्यातील व्याख्या फार व्यापक आहे. कृती लोकांना उपलब्ध करून दिली की पुरे, प्रत्यक्षात ती कोणी पाहिली की नाही, याला महत्त्व नाही. म्हणजे ड्राइव्हचा खुला दुवा गटावर टाकला आणि तो एकानेही उघडला नाही, तरी कृती पोहोचवली गेली असेच धरले जाऊ शकते. अडीचशे माणसांच्या गटाला 'खासगी वापर' म्हणवून घेणे कोणत्याही न्यायालयात जड जाईल. आपण ज्यांच्याबरोबर खरोखर अभ्यास करता, अशा एखाद-दुसऱ्या मित्राला एखादा लेख दाखवणे निराळे.

'साभार' या शब्दाने आपल्याकडे फार गैरसमज माजवला आहे. लेखकाचे नाव देणे हे कलम ५७ मधील नैतिक अधिकाराशी निगडित आहे. लेखकाने आर्थिक हक्क दुसऱ्याला विकून टाकले, तरी आपले नाव लावले जावे आणि आपल्या लेखनाची बदनामीकारक मोडतोड होऊ नये, हा अधिकार त्याच्याकडेच राहतो. नाव दिल्याने तेवढ्या एका अधिकाराचा मान राखला जातो, प्रत काढण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. शेजाऱ्याच्या बागेतील आंबे उतरवून टोपलीवर शेजाऱ्याचे नाव चिकटवले, म्हणून आंबे आपले होत नाहीत.

पैसे न घेतल्याचा मुद्दाही समजून घ्यावा. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर न्यायालय पुरेशी आणि विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. फुकट वाटण्याचा उपयोग असलाच तर तो असा शिक्षेच्या वेळी. गुन्हा त्याने पुसला जात नाही. टाळेबंदीच्या काळात ई-पेपरच्या पीडीएफ गटागटांतून फिरत होत्या, ते सर्वांना आठवत असेल. त्यावरूनच दैनिक जागरणच्या प्रकाशकांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये टेलिग्रामला अशा पीडीएफ वाटणाऱ्या वाहिन्या बंद करण्याचा आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला होता. वाचनालयावर उद्या पोलीस येतील असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा असे प्रकरण एखाद्या रागाच्या पत्रावर मिटते, तरीही वाचनालयासारख्या संस्थेच्या नावावर असे पत्र यावे, हे मला बरे वाटत नाही.

फोंड्याचा विद्यार्थी:

वकील महोदयांविषयी आदर बाळगून लिहितो, पण असा धाक घातला तर सगळे जागच्या जागी कुजून जाईल. जे ब्लॉग बंद पडले, त्यांचे लेखक कोर्टात येणार आहेत का? सरांनी जपून ठेवले नसते, तर ते लेखन आज जगात कोठेच नसते. शिवाय ही लोककला गावाची आहे. धालोच्या ओव्या कोणा एकाच्या मालकीच्या कशा असतील? आणि शिक्षणासाठी फोटोकॉपी चालते, असा दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात निकाल लागला आहे, तो येथे का लागू होऊ नये?

वकील, म्हापसा:

त्या निकालाचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण त्याचा दाखला जेथे तेथे दिला जातो. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जे मान्य केले, ते शिक्षक वा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींविषयी होते. अभ्यासक्रमाला लागणारे उतारे एकत्र करून विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढणे हा तेथील वादाचा विषय होता. सर आज एखाद्या वर्गाला धालो शिकवत असते आणि त्या वर्गापुरती प्रत देत असते, तर हा आधार मिळाला असता. गावाच्या गटाला वर्ग म्हणता येणार नाही.

ओव्यांविषयी मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी, कर्ता ठाऊक नसलेली ओवी कोणाच्या मालकीची नाही. परंतु ती ऐकून, उतरवून, अर्थ लावून कोणी लेख लिहिला, तर तो लेख त्याचा. कोणी ध्वनिमुद्रण केले, तर त्या ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा साठ वर्षे हक्क. आणि ज्या बायका मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागी, ती गातात, त्यांचा कलाकार म्हणून कायद्याने मान्य केलेला स्वतंत्र अधिकार असतो, तोही पन्नास वर्षे टिकतो. चित्रफीत पाहताना हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

यातून एक मोकळी वाटही निघते. वस्तुस्थितीवर, कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्वच्छ सांगितले आहे. घोडेमोडणी कोठे होते, कधी होते, घोड्याचा सांगाडा कसा बांधतात, ही माहिती दहा लेख वाचून सरांनी स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर ते लेखन सरांचे. समीक्षेसाठी किंवा मत मांडण्यासाठी मूळ लेखातील दोन-चार वाक्ये अवतरणात घेतली आणि मूळ पानाचा दुवा दिला, तर त्यालाही कलम ५२ मध्ये जागा आहे. वाचकाला यातून जे मिळेल, ते पीडीएफच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक असेल, असे मला तरी वाटते.

ग्रंथपाल, पणजी:

वाचनालयांसाठी असलेली तरतूद येथे सांगणे आवश्यक वाटते. विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या साहित्याची कागदी प्रत आधीच असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा २०१२च्या दुरुस्तीने मिळाली. म्हणजे आपल्या वाचनालयाच्या कपाटात वृत्तपत्रांची जुनी कात्रणे असतील, तर वाळवी लागण्यापूर्वी त्यांचे स्कॅन करून ठेवा. ते स्कॅन इंटरनेटवर खुले करण्याची परवानगी मात्र या तरतुदीतून मिळत नाही. सरांचा संग्रह मुळातच डिजिटल असल्याने तो या तरतुदीत बसत नाही.

मुदतीचा हिशेबही मांडून पाहावा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर, मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क चालतो. आपल्याच डिचोलीत जन्मलेले कोकणी लेखक शणै गोंयबाब १९४६ साली वारले, साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन अनुक्रमे २००७ आणि २००८च्या आरंभी सर्वांसाठी मोकळे झाले. ते बेलाशक चढवा, फक्त नंतरच्या आवृत्तीतील संपादकाची प्रस्तावना आणि टिपा त्यातून वगळा. बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कविता २०४४ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. तरीही गटांवर त्या रोज सकाळी फिरतात, कधी कधी भलत्याच कवीच्या नावाने. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजत असत, २०१२ नंतर तीही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे अशी झाली आहे.

स्वतःहून मोकळे केलेले साहित्यही आपल्याकडे आहे. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे चारही खंड २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिले. नाव देऊन आणि पुढेही त्याच अटी ठेवून ते कोणालाही वापरता येतात. विकिपीडियावरील मजकुरालाही असाच परवाना आहे. आपल्या संग्रहातील एखाद्या ब्लॉगच्या तळाशी अशी नोंद आहे का, ते आधी तपासावे.

पेडण्याची लेखिका:

मी दुसऱ्या बाजूची. धालोवर मी माझ्या ब्लॉगवर एक दीर्घ लेख लिहिला होता. त्यासाठी दोन वर्षे पौषात गावोगावच्या मांडांवर जाऊन बसले होते. वर्षभराने तोच लेख माझ्याच माहेरच्या गटावर मावशीने पाठवला. खाली माझे नाव नव्हते, 'साभार : व्हॉट्सॲप' असे होते. मावशीला सांगितले, तर ती म्हणाली, 'अगो, तुझा होय? किती सुंदर लिहिलंय!' रागवायचे कोणावर?

पैशांचे दुःख मला नव्हते. माझ्या लेखात एका गावच्या मांडाविषयी एक चूक राहिली होती, ती तेथील एका वृद्ध बाईंनी दाखवून दिल्यावर मी ब्लॉगवर लगेच दुरुस्त केली. गटांवर फिरणाऱ्या प्रतींत ती चूक अजून तशीच आहे आणि पुढे एका स्मरणिकेतही ती छापून आली. दुवा दिला असता, तर वाचक दुरुस्त लेखापर्यंत पोहोचला असता. प्रत काढली की लेख त्या दिवशी जसा होता तसाच राहतो, हे सरांनी आपल्या संग्रहाबाबतही ध्यानात ठेवावे. आपण उतरवून ठेवल्यानंतर लेखकाने काय बदलले, हे आपल्याला ठाऊक नसते.

दुसरे म्हणजे, विचारा. मला कोणी एका ओळीची मेल पाठवून 'वाचनालयासाठी लेख घेऊ का' असे विचारले असते, तर मी त्याच दिवशी होकार दिला असता आणि चांगली छायाचित्रेही पाठवली असती. वृत्तपत्रांतील लेखांबाबतही एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वृत्तपत्राच्या नोकरीत नसलेल्या स्तंभलेखकाने लेखी करार करून हक्क दिलेले नसतील, तर लेख त्याचाच राहतो. म्हणून परवानगी वृत्तपत्राकडूनच घ्यावी लागेल असे गृहीत धरू नका, आधी लेखकाला गाठा. छायाचित्रांत मात्र उलटेही घडते. मंडळाने पैसे देऊन छायाचित्रकाराकडून घोडेमोडणीचे फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क मंडळाचा असतो.

चित्रफितींविषयी एवढेच सांगते की एका मांडावर बायकांनी मला गाणी लिहून घेऊ दिली, पण मोबाइल पिशवीत ठेवायला लावला. तेथील चित्रफीत कोणीतरी नंतर यूट्यूबवर टाकली. ती आपल्या संग्रहात असेल, तर पुढे पाठवू नये, ही विनंती.

डिचोलीचा वाचक:

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपल्या लेखाची प्रत माझ्या संग्रहात आहे आणि ती चुकीसह आहे, हे काल रात्री पडताळून पाहिले. आपल्या ब्लॉगवरील दुरुस्त लेखाचा दुवा मी नोंदवून ठेवला आहे.

बंद पडलेल्या ब्लॉगांचा प्रश्न तेवढा उरतो. माझ्याकडे असे सात ब्लॉग आहेत. दोघांची नुसती टोपणनावे आहेत, पत्ता नाही.

वकील, म्हापसा:

ब्लॉग बंद पडला म्हणून हक्क संपत नाही. टोपणनावाने लिहिलेल्या आणि कर्ता उघड न झालेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे आपल्या-माझ्या हयातीत तो प्रश्न सुटत नाही. लेखक मृत, अज्ञात किंवा न सापडणारा असेल, तर कलम ३१अ खाली परवाना मागता येतो, पण त्यासाठी आधी वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते आणि मग रीतसर अर्ज करावा लागतो. गावच्या वाचनालयाने सात ब्लॉगांसाठी या खटाटोपात पडावे, असा सल्ला मी देणार नाही. त्या प्रती आपल्याकडेच अभ्यासासाठी ठेवा. कोणी अभ्यासक घरी आला, तर त्याला वाचायला द्या.

संगणक अभियंता, वास्को:

त्या ब्लॉगांचे जुने पत्ते आपल्याकडे असतील, तर ते वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात टाकून पाहा. तो चालवणारी इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था १९९६ पासून संकेतस्थळांची पाने जतन करते आहे आणि २००१ पासून ती सर्वांना पाहता येतात. सातांपैकी तीन-चार सापडली, तरी आपण स्वतः प्रत न वाटता त्यांचा दुवा देऊ शकता. दुवा देण्याकडे आपला कायदा बराच सौम्यपणे पाहतो, मात्र समोरची प्रत चोरीची आहे हे ठाऊक असताना तिचा दुवा देऊ नये. जी पाने आज जिवंत आहेत, ती तेथे जतन करण्याची विनंतीही कोणालाही करता येते, एका बटणाचे काम आहे.

तथापि त्या एकाच ठिकाणावर विसंबून राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिची सेवा बंद होती. पुस्तके स्कॅन करून उसनी देण्याच्या तिच्या योजनेवर प्रकाशकांनी दावा लावला आणि २०२४ साली अमेरिकेतील अपील न्यायालयातही संस्था हरली. जुन्या पानांचा तो दावा नव्हता, पण एवढ्या मोठ्या संस्थेलाही 'आम्ही विनानफा आहोत' या युक्तिवादावर सुटता आले नाही, हे फोंड्याच्या मित्राने पाहावे.

एक साधी सूचना करतो. प्रत्येक धारिकेसाठी एका तक्त्यात पत्ता, लेखक, उतरवल्याची तारीख, परवान्याची नोंद आणि 'विचारले का, उत्तर काय आले' असे रकाने करा. पत्ते हरवले असतील, तर लेखातील एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा, पुष्कळ सापडतात.

फोंड्याचा विद्यार्थी:

माझा युक्तिवाद फसला, हे मान्य. तक्ता मी करून देतो. सर, रविवारी वाचनालयात येऊ का?

डिचोलीचा वाचक:

अवश्य या, सकाळी दहानंतर. मी तोवर ज्या लेखकांचे पत्ते आहेत, त्यांना पत्रे लिहायला घेतो. पेडण्याच्या ताईंची परवानगी येथेच मागून टाकतो, त्यांना अडचण नसेल तर. चित्रफितींपैकी तीन धालोच्या आहेत आणि त्यांतील एक मांड आमच्याच शेजारच्या वाड्यावरचा आहे. तेथील बायकांना मी पौषात प्रत्यक्ष भेटून विचारीन, तोवर त्या फिती संग्रहातच राहतील.

पेडण्याची लेखिका:

सर, लेख खुशाल घ्या. ब्लॉगवरचा दुरुस्त मजकूर घ्या, खाली माझे नाव आणि मूळ दुवा असू द्या. वाचनालयाच्या नोंदीला लागेल म्हणून तसे मेलनेही लिहून पाठवते.